निम्मा चेहरा

जिन्यात पाय ठेवताच इन्स्पेक्टरबाईंना आधी वास आला, मग रक्त दिसलं. पायऱ्यांवरून ओघळत येऊन वळणावर त्याचं थारोळं झालं होतं. त्या थारोळ्यात एक तरुण बाई पालथी पडली होती. डोक्याची मागची बाजू फुटून आत गेली होती. शेजारी भिंतीला टेकून तिचा नवरा बसला होता. हातात दिव्याचा लोखंडी स्टँड, आणि कोपरापर्यंत रक्त.

त्याच्या खांद्यात तोंड खुपसून तीन वर्षांची मुलगी उभी होती.

"मी नाही केलं," तो म्हणाला. "हा तिच्या पाठीवर पडला होता. मी नुसता बाजूला केला."

"सगळे असंच म्हणतात, राजा," हवालदार म्हणाला. गप्प बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

बाईंनी मुलीला उचलून घेतलं आणि तिचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

"इथे कशाला आलात?"

"तिने फोन केला. म्हणाली, भिंगरीला घेऊन ये, मला घरी ने."

"घरी? तुम्ही तर वेगळे राहता."

"सहा महिने झाले. भिंगरी तिच्याकडे असते, आज सकाळी हिला माझ्याकडे सोडून गेली होती. भांडण माझंच होतं. मी सुतार माणूस, तोंड माझं रंध्यासारखं चालतं. पण हात कधी उगारला नाही, बाई."

"कोणी पाहिलं तुम्हाला येताना?"

मागचा जिना, तिथे कोण असणार पाहायला.

वरच्या मजल्यावर चेहरेवाल्याचा स्टुडिओ होता. खेळांमधली, सिनेमांमधली संगणकावरची माणसं असतात ना, त्यांना तो खऱ्या माणसांच्या फोटोंवरून कातडी चढवून द्यायचा. मेलेली बाई त्याच्याकडे चेहरा द्यायला आली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं. काम संपलं, ती हसत निघून गेली, मग जिन्यात नवऱ्याचं ओरडणं ऐकू आलं. जुना स्टँड मोडीत काढायला त्याने जिन्यातच ठेवला होता.

नवऱ्याला कोठडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. आरोप लागला की भिंगरी बालगृहात जाणार. तिला दुसरं कोणी नव्हतं.

सकाळी शवागारात डॉक्टरांनी चादर बाजूला केली.

"घाव तीन. पहिल्यातच संपली, पण मारणारा थांबला नाही. आणि हे बघा." त्यांनी उजव्या गालाकडे बोट केलं. गाल सुजून काळानिळा झाला होता. "थप्पड. सणसणीत. ही मरायच्या आधी अर्धा-पाऊण तास तरी बसलेली आहे. मेल्यावर अशी सूज चढत नाही."

"त्या गालावर आणखी काही?"

"काही नाही. कातडी कुठे फाटलेली नाही. डाव्या डोळ्याखाली मात्र एक बारीकसा ओरखडा आहे. तो आदल्या सकाळचा असावा, खपली धरायला लागली होती."

शवागारातून बाहेर पडताना हवालदार म्हणाला, "मॅडम, साधं आहे. नवऱ्याने जिन्यात अडवलं, थप्पड मारली, अर्धा तास भांडले, मग डोकं फोडलं."

"किंवा थप्पड वर बसली."

"चेहरेवाला म्हणतो, ती हसत गेली."

"तो म्हणतो," बाई म्हणाल्या.

स्टुडिओत चेहरेवाला तयारच होता. नीटनेटका माणूस, नखंसुद्धा घासून गोल केलेली. मधोमध फिरती खुर्ची, तिच्यासमोर दिवे आणि कॅमेरा.

"आधी खुर्ची डावीकडून फिरवतो, मग उजवीकडून," तो म्हणाला. "दिव्यांवर आणि कॅमेऱ्यावर खास काचा असतात. कातडीवरची चकाकी त्यांनी मरते आणि आतलं सगळं दिसतं. गालात रक्त साकळलेलं असेल तर तुमच्या डोळ्यांना दिसायच्या आधी माझ्या फोटोत दिसतं. आता हा बघा तिचा चेहरा. शेवटच्या फोटोनंतर लगेच ती गेली."

पडद्यावर चेहरा उलगडला आणि हवालदारसुद्धा गप्प झाला. सोललेलं कातडं पाटावर ताणून ठेवावं तसा तो दिसत होता. डोळ्यांच्या जागी भोकं, ओठ पसरलेले, कान दोन्हीकडे लांबवर गेलेले. कपाळावरची लव, नाकावरची छिद्रं, हनुवटीवर डावीकडचा तीळ, सगळं खरं. दोन्ही डोळ्यांखाली एकेक बारीक, वाकडी रेघ. उजवा गाल स्वच्छ.

"थप्पड बसली असती तर इथे लाल दिसलं असतं," चेहरेवाला म्हणाला.

"या रेघा कसल्या?"

"सुरकुत्या. रडक्या बायकांना लवकर पडतात."

"मूळ फोटो कुठे आहेत?"

"चेहरा झाला की पुसतो. उद्या कोणी त्यांचा वाईट वापर केला तर?"

"हे सगळं फोटोंमधूनच? तुम्ही हाताने काही बनवत नाही?"

तो दुखावल्यासारखा हसला. "आळशी लोक अर्धा चेहरा करतात आणि तोच उलटा करून दुसरीकडे चिकटवतात. माणसाच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात, बाई. माझ्याकडे दोन्ही बाजू खऱ्या असतात. म्हणून तर लोक माझ्याकडे येतात."

निघताना बाईंनी कॅमेऱ्यातलं कार्ड आणि संगणक ताब्यात घेतला. चेहरेवाल्याने खांदे उडवले.

चौकीत भिंगरीने थैमान घातलं होतं. तिला आई हवी होती. शिपाईणबाईंच्या हातातला दुधाचा पेला तिने उडवला होता. बाईंनी तिला उचलताच तिने दोन्ही हातांनी त्यांचं तोंड ढकललं. मग एकाएकी दमली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

"नखं किती वाढलीत गं ही," बाई पुटपुटल्या. डोळ्याखाली चुरचुरत होतं. त्यांनी आरशात पाहिलं. बारीक, वाकडी रेघ.

त्या आरशासमोरून लवकर हलल्या नाहीत. मग मुलीला शिपाईणबाईंकडे दिलं आणि संगणकाच्या तंत्रज्ञाला फोन केला. तासाभराने त्याचा उलटा फोन आला. तेव्हा बाई हवालदाराला घेऊन पुन्हा स्टुडिओचा जिना चढल्या.

"उजव्या बाजूचे फोटो चांगले आले होते ना?" त्यांनी चेहरेवाल्याला विचारलं.

"उत्तम."

"मग तिच्या उजव्या डोळ्याखाली रेघ कुठून आली?"

"सांगितलं ना, सुरकुती."

"सुरकुती नाही ती. मुलीचं नख आहे. काल सकाळी लागलं, डावीकडे. प्रेतावर डावीकडेच आहे. उजवीकडे कातडी कुठे फाटलेली नाही, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय."

चेहरेवाला नखं चोळू लागला.

"तुम्ही तिचा डावा गाल उलटा करून उजवीकडे लावलात. तीळ आठवणीने पुसलात, छिद्रंही थोडी हलवली असतील. ही रेघ मात्र ठेवलीत, कारण ती दोन्हीकडे असणारच असं तुम्हाला वाटलं. ज्याच्या घरात लहान मूल असतं तो फसला नसता. तुम्ही नुसती कातडी बघता."

"फोटो हलले होते. उजवीकडचे."

"आत्ताच उत्तम होते."

बाई एक पाऊल पुढे सरकल्या. "डावी बाजू झाली आणि तुम्ही तिला कपडे काढायला सांगितलंत. चेहऱ्यासोबत अंगाचेही फोटो जास्त भावाने खपतात, दुसऱ्या बायकांचे तसले फोटो तुमच्या संगणकात सापडलेत. ती उठली. तुम्ही थप्पड मारलीत, दार लावलंत, पुन्हा खुर्चीत बसवून उजवी बाजू काढलीत. काम अर्धवट सोडायची सवय नाही ना. पण तुमच्या त्या काचांनी गालातली पाच बोटं दाखवली. तुम्ही पडद्यात डोकं घालून बसलात, तेवढ्यात तिने हळूच नवऱ्याला फोन केला, त्याची वाट पाहिली आणि शेवटी मागच्या दाराची कडी काढली. तिला बाहेर जाऊन बोलू द्यायचं नव्हतं, म्हणून स्टँड घेऊन मागे धावलात. मग नवरा आयताच सापडला."

"गोष्ट चांगली रचली आहे."

"पुसलेले फोटो परत आणता येतात. पाच बोटं आत्ता आमच्या पडद्यावर आहेत. तुमच्या हाताशी लावून बघायची."

त्याने दिवा खाली पाडला. अंधार झाला आणि लोखंड फिरल्याचा आवाज आला. हवालदार विव्हळून कोसळला. दुसरा वार बाईंच्या खांद्यावर बसला, हाड करकरलं. त्या मागे न सरता थेट त्याच्या अंगावर गेल्या. फिरती खुर्ची उलटली, दोघं काचांच्या चुऱ्यात पडले. त्याचा अंगठा त्यांच्या डोळ्यात शिरत होता. त्यांनी त्याचं मनगट पकडून खुर्चीच्या पायावर आपटलं, एकदा, दोनदा, ते मोडेपर्यंत.

"ती थांबायलाच तयार नव्हती," तो जमिनीवर पडून म्हणत होता. "मी म्हटलं होतं, बस, बोलू."

हवालदाराने रक्त थुंकलं. "मॅडम, दात गेला. अजून जेवायचं होतं."

दुपारी कोर्टाऐवजी कोठडीचं दार उघडलं. बाईंचा हात झोळीत होता. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. भिंगरी त्याच्या मांडीवर झोपली होती.

"फोनवर ती रडत नव्हती," तो म्हणाला. "साधंच बोलली. म्हणून मी हिला आधी वरणभात भरवला. ही एकेक घास तोंडात धरून बसते." तो थांबला. "तिने फोन केला तेव्हा थप्पड बसली होती का?"

बाईंना माहीत होतं. घास किती आणि पायऱ्या किती, त्याने मनात हिशेब केव्हाच मांडला होता, हेही दिसत होतं.

"पोरीला उपाशी घेऊन निघाला असतात," त्या म्हणाल्या, "तर ती तुमच्यावरच ओरडली असती."

त्याने मान हलवली. मग मुलगी जागी होऊ नये म्हणून तोंडावर हात घट्ट दाबून धरला आणि रडू लागला.