पेन्सिलमधला मंगळवार

"या, पुढचे तुम्हीच ना?" यादीतून मान वर न काढताच स्वानंदी म्हणाली.

"मी नाही... मी मित्राला सोडायला आलोय. शंतनू. त्याचं झालं ना आत्ता?"

तेव्हा तिनं पाहिलं. दारात उभा, खांद्यांवर पावसाचे थेंब, पायात कारखान्यातले जड बूट. माउंट वेलिंग्टनच्या त्या हॉलमध्ये सकाळपासून तिनं सात 'बाबा' तपासले होते. ब्रेडच्या जाहिरातीसाठी भारतीय बाबा हवा होता, आणि सातही जण आरशात पाहून घोटलेलं हसू घेऊन आले होते. आठवा आलाच नव्हता.

"दहा मिनिटं आहेत तुमच्याकडे?"

"पाऊस थांबेपर्यंत आहेत."

"मग कॅमेऱ्याकडे बघून नाव, उंची सांगा. नंतर हात दाखवा, दोन्ही बाजूंनी."

"सुमेध राजाध्यक्ष. पाच आठ..." तो थबकला. "बूट काढले तर पाच सात. हात कशाला, भविष्य बघता?"

"भविष्य नाही, नखं बघते."

डाव्या तळव्यावर भाजल्याची जुनी खूण होती. पेनरोजला मोठाले फ्रीजर बनतात तिथे तो इंजिनिअर होता.

"फ्रीजरनं भाजतं?"

"गारठ्यानंही भाजतं," तो म्हणाला. "फक्त जरा उशिरा कळतं."

प्रसंग साधा होता. बाबा मुलीला शाळेचे बूट घालतो, घाई करतो. मुलगी अजून निवडायची होती, म्हणून कोपऱ्यात चित्रं रंगवत बसलेल्या सिद्धीला, आपल्या चार वर्षांच्या लेकीला, स्वानंदीनं खुर्चीवर बसवलं. सुमेध वाक्य साफ विसरला. मांडी घालून जमिनीवर बसला आणि विचारलं, "कुठला पाय आधी?"

सिद्धीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. "द नॉटी वन."

"छे. नॉटीनं थांबायचं. शहाण्याचा नंबर आधी."

सिद्धी खुदकन हसली. कट म्हणायचं राहूनच गेलं.

फॉर्मवर व्यवसाय लिहायचा रकाना आला की स्वानंदीची पंचाईत व्हायची. सोमवारी कुणाच्या वेबसाइटसाठी उशांवर लेख, बुधवारी मालिकेत 'नर्स दोन', मधूनच रेडिओवर आवाज, शनिवारी ही माणसं निवडायची कामं. एकही काम पक्कं नाही. पक्की फक्त सिद्धी, आणि सिद्धीची काळजी.

सोमवारी तिनं त्याला फोन केला. "तुम्हाला पेन्सिल केलंय."

"म्हणजे?"

"शूटिंग पुढच्या पुढच्या मंगळवारी आहे. तो दिवस धरून ठेवायचा. पक्कं नाही, केव्हाही खोडतात."

"तोवर मी काय करायचं?"

"वाट बघायची."

त्या दिवसापासून रोज सकाळी मेसेज येऊ लागला. 'अजून पेन्सिलच?' ती लिहायची, 'टोक आहे अजून.' मग एकदा कॉफी झाली. रविवारी पॅनम्युअर बेसिनच्या बागेतले झोपाळे झाले. तिथे सिद्धीची एक जांडल, रबरी चप्पल, चिखलात रुतली आणि ती काढता काढता दोघांचे हात बरबटले, हसता हसता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही...

दोघीच परतताना मागच्या सीटवरून सिद्धीनं विचारलं, "ममा, इज ही माय डॅड ओन्ली फॉर ट्यूजडे?"

स्वानंदीनं रेडिओ लावला. सिद्धीचा बाबा पर्थला गेला, तेव्हा रोज व्हिडिओ कॉल यायचा. मग आठवड्यानं. मग वाढदिवसाला. तेव्हापासून तिनं घराचं दार असं जपलं होतं, की जाऊ शकेल असं माणूस आतच यायला नको.

चार दिवस तिनं मेसेजला उत्तर दिलं नाही. शुक्रवारी ईमेल आला. बाबा म्हणून दुसराच निवडला होता. अशा वेळी पाठवायचं पत्र तिच्याकडे तयार असे, 'थँक्स हीप्स', खूप खूप आभार वगैरे. तिनं ते उघडलं, मिटलं, आणि फोन लावला.

"सुमेध, तुला रिलीज केलंय. पेन्सिल खोडली."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? क्लायंटनं."

"आणि चार दिवस उत्तर नाही, तोही क्लायंटच?"

ती म्हणाली, "माझ्या मुलीच्या आयुष्यात पेन्सिलमधलं माणूस नकोय मला."

"बरोबर आहे. पण मी पेन्सिलमध्ये आहे, हे तू मला न विचारताच ठरवलंस." तो म्हणाला. "मंगळवारची रजा मंजूर झालीय. ती मी रद्द करत नाही. दहाला झोपाळ्यांपाशी असेन."

मंगळवारी सकाळी सिद्धी एकदा खोकली. एकदाच. तेवढ्यावरून स्वानंदीनं तिला पाळणाघरात सोडलं नाही.

दहाला दोघी झोपाळ्यांपाशी पोचल्या, तेव्हा तो बाकावर बसला होता. तेच बूट. सिद्धी धावत सुटली. स्वानंदी जवळ आली तशी त्यानं फोन कॅमेऱ्यासारखा उभा धरला.

"नाव, उंची."

"काहीतरीच काय?"

"सगळ्यांना विचारतेस. तुला कुणी विचारलंय कधी?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. ती उभी राहिली, ओढणी सारखी केली. "स्वानंदी मिरजकर. पाच तीन. लिहिते, नर्स होते, दुसऱ्यांना कामं देते... एक मुलगी आहे. तिला बाजूला ठेवून कुठलीच तारीख देता येणार नाही. आणि मी फार घाबरते."

"हात."

तिनं पुढे केले. ओढणीत गुंडाळूनच. "थंडी आहे," ती म्हणाली.

त्यानं फोन खाली ठेवला आणि ते हात आपल्या हातांत घेतले. "एवढीच अट असेल, तर माझ्या सगळ्या तारखा तुम्हा दोघींना."

"रेकॉर्ड केलंस का ते?"

"चालूच नव्हता. मी बघत होतो."

तेवढ्यात सिद्धीनं आईच्या पिशवीतून मार्कर काढला, ऑडिशनचे नंबर लिहायचा, काळा. सुमेधचा डावा हात ओढून तळव्यावर, त्या खुणेशेजारी, वाकडातिकडा एस काढला.

"कुणाचा एस?" त्यानं विचारलं.

"हीप्स ऑफ पीपल्स," सिद्धी म्हणाली आणि तिघांवरून बोट फिरवलं.

"सिद्धी, तो पर्मनंट आहे," स्वानंदी म्हणाली. "धुतला तरी जात नाही."

सुमेधनं हात मागे घेतला नाही. स्वानंदीनंही मार्कर काढून घेतला नाही.