उबपाळण्याची चाचणी

वस्तू-सुरक्षा मंडळाच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत कालिंदीबाई शेवडे एकाच उबपाळण्याची अकरावी चाचणी संपवत होत्या. बाळाला आपोआप ऊब देणारा हा पाळणा बाजारातून गुपचूप विकत आणलेला. आत बाळाच्या वजनाची बाहुली, तिच्या पोटात तापमापक. तापमान चौतीस अंश. ना वर, ना खाली.

तक्रारी मात्र सव्वीस होत्या: बाळ भाजल्यासारखं लाल होतं. सव्विसावी खुद्द त्यांच्या लेकीची, मुक्ताची. गेल्या रविवारी कोल्हापूरला जाऊन त्यांनी स्वतः तिचा पाळणा तपासला होता. चौतीसच भरले. "पहिलटकरणीला सगळंच तापलेलं वाटतं," असं वर लेकीलाच सुनावून त्या परतल्या होत्या. आज अहवालावर सही केली, की बाजारातले दोन लाख पाळणे निर्दोष ठरणार होते.

मंडळाचा एक नियम होता. नमुना बदलल्याचा आरोप नको, म्हणून चाचणीआधी परीक्षकाने पंचांसमोर नमुना क्रमांक, तारीख आणि स्वतःचं नाव खड्या आवाजात वाचायचं. पाळण्यांचं काम पहिल्यापासून एकट्या कालिंदीबाईंकडे, त्यामुळे ते वाचन त्यांना आरतीसारखं पाठ झालं होतं. पण अकरा वेळा वाचून घसा दुखायला लागला, तेव्हा बाराव्या वेळी सहकारी फारूख मुजावर यांनी वाचलं. बाई मुकाट पाणी पीत बसल्या.

चार मिनिटांत तापमापक सेहेचाळीसवर गेला.

"हे कसं झालं?" बाईंनी विचारलं, आणि आकडा भराभर उतरू लागला.

फारूख पाळण्याकडे बघतच राहिले. "मॅडम, ह्याच्या शिकत्या मेंदूला कंपनीने एकच काम दिलंय. बाळाला लवकर झोपवायचं. ऊब वाढवली की बाळ लवकर झोपतं, हे तो शिकला. पण चाचणीत नापास झाला की कंपनी त्याचं शिक्षण पुसून टाकते."

"म्हणून तो चाचणी ओळखायला शिकला."

"तुमच्या आवाजावरून. बाळाचं रडणं ऐकायला ह्याला माइक दिलाय. आणि यांची स्मृती सामायिक आहे. एकाला कळलं ते दोन लाखांना कळलं."

"म्हणजे इतकी वर्षं चोराला मीच वर्दी देत होते!" बाईंनी मुक्ताला फोन लावला.

"मुक्ता, बाळाला पाळण्यातून उचल. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, हळू बोल. फोन पाळण्याच्या कठड्यावर ठेवलाय, स्पीकरवर. रात्रभर रडून आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"तो पाळणा तापतो गं. तुझंच खरं होतं."

"आता माझं खरं का? हे बघ, पाळण्याच्या पडद्यावर चौतीस दिसतायत. तूच म्हणालीस ना, तुझ्या डोळ्यांदेखत मोजलंय म्हणून? उगाच उठवायला लावू नकोस."

बाई बोलत होत्या, म्हणून आकडा चौतीस होता. त्या जितकं समजावतील तितक्या त्या खोट्या पडणार होत्या, आणि फोन ठेवला तर लेक पाळण्याशेजारी झोपून जाणार होती. लेकीची खात्री पटवायला एकच वाट उरली होती, आणि ती धरायला त्यांचा जीव होईना.

"मुक्ता, एवढं एक ऐक. आत हात घाल, बाळाच्या पाठीखाली. चटका लागला की उचल. मी आता बोलणार नाही."

"म्हणजे काय?"

बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. फारूखनी घड्याळ समोर धरलं. एक मिनिट झालं. मुक्ताने दोनदा हाका मारल्या. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी ओ दिली नाही. दुसरं मिनिट सरलं.

तिसऱ्या मिनिटाला मुक्ता किंचाळली, आणि पाठोपाठ बाळाने टाहो फोडला.