सव्वीस मिनिटं

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. स्वित्झर्लंडमधलं सेंत-इमिए गाव. गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. भर दुपार.

ओदील कारखान्यात घड्याळांचे भाग जुळवते. तिचा नवरा आर्मां त्याच धंद्यातला. त्याचं घड्याळ चावीचं, स्टॉपवॉचवालं. याच जातीचं एक चंद्रावर जाऊन आलंय. दारातला बर्फ उपसायला निघाला की तो बटण दाबायचा.

“पंधरा मिनिटांत आलो. कॉफी ठेव. आणि झोपू नकोस, म्हातारे!”

आदल्या हिवाळ्यात एका दुपारी तिला झोप लागली. फार थकली होती बिचारी.

जाग आली तेव्हा आर्मां फाटकापाशी पडलेला होता.

डॉक्टर म्हणाले, “जागच्या जागी गेले. त्रास झाला नाही.”

त्या वाक्यावर तिने वर्ष काढलं.

पण घड्याळ...

काटा सव्वीस मिनिटांवर थांबवलेला होता. आणि बर्फ? जेमतेम पाच मिनिटांचा उपसलेला. मग उरलेली एकवीस मिनिटं?

पडताना बटण दाबलं गेलं असेल, असं तिने स्वतःला बजावलं. काटा शून्यावर आणला. घड्याळ खणात ठेवलं. चावी दिली नाही.

त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत घरी आल्यावर तिने सहज खण उघडला...

काटा सव्वीसवर.

तिने शून्यावर आणला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सव्वीस. तिसऱ्या दिवशीही.

शेवटी तिने ते कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या जोझेतला दाखवलं.

“अगं, झोपेत तूच चावी देत असशील.”

“झोप लागतेय कुणाला, जोझेत?”

जोझेतने हत्यारं पुढे ओढली. तिने घड्याळ उघडलं, आतली स्प्रिंगच काढून घेतली.

“घे. आता चंद्रावर ने नाहीतर चुलीत घाल, हलायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ओदील घरी खुर्चीत बसली होती. घड्याळ मांडीवर.

खट्...

कुणी हात लावला नव्हता. काटा चालू लागला. टिक... टिक... पाच मिनिटं झाली. दहा. पंधरा. तिने फाटकाकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

सव्वीस.

खट्.

ती खूप रडली.

ती स्प्रिंग आजही जोझेतच्या खणात आहे. मी स्वतः पाहिली आहे, आणि ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

ओदील आता दुपारी झोपत नाही. काम अर्ध्या दिवसावर आणलंय. कॉफी ठेवते, दोन कप काढते, फाटकाकडे बघत शेवटच्या खट्पर्यंत जागी राहते.

डॉक्टरांना मात्र तिने पुन्हा काही विचारलं नाही.