भिवाई पेठेचा महजर

माघ वद्य द्वितीयेच्या पहाटे भिवाईगडाच्या महादरवाजावरचा चौघडा थांबला, तेव्हा खालच्या पेठेवर धुके इतके दाट साचले होते की तटावरून पाहणाऱ्यास देवळाचा कळस आणि चिंचांचे चार शेंडे एवढेच काय ते दिसावे. पण त्या धुक्याखाली पेठ केव्हाच जागी झाली होती. चावडीपुढच्या पटांगणात जाजमे अंथरली जात होती, गाद्यांवर स्वच्छ चादरी चढत होत्या, आणि आदल्या दिवसापासून तीन परगण्यांतून येऊन उतरलेले पाटील, वाणी, तांडेवाले आणि साळी घोंगड्या गुंडाळून जागा धरून बसले होते; कारण सरकारचे चौकशीदार दिनकरपंत सोवनी आज करवंदीच्या घाटातील लुटीची चौकशी बंद दाराआड नव्हे, तर उघड्या आभाळाखाली, सर्व गोतासमक्ष करणार होते.

सहा वर्षांत त्या घाटात कापडाचे अकरा तांडे लुटले गेले होते आणि सतरा माणसे दरीत फेकली गेली होती. लूट कोण करवतो हे पेठेत कोणास ठाऊक नव्हते असे नाही. पेठेचे शेटे जिवाजी यांनी धर्मशाळा बांधली होती, दर एकादशीला ते फराळ वाटीत, आणि ज्या कोतवालाने चोर धरावयाचे तो त्यांच्याच ओसरीवर पान खाई. हे सारे ठाऊक असणे आणि बोलणे यांत जे अंतर असते, ते सहा वर्षे कोणीही ओलांडले नव्हते.

दिनकरपंतांचे वय तेव्हा अवघे चौतीस होते. उंच अंगलोट, शांत आवाज, आणि न्यायाविषयी खरीखुरी तळमळ. दोन पेठांत त्यांनी अशाच उघड चौकश्या करून दोन कोतवाल घरी बसवले होते, आणि त्यांची पालखी दिसली की लोक वाटेच्या कडेला उभे राहू लागले होते. ही सनद त्यांना मिळवून दिली ती भिवाईगडाचे किल्लेदार हैबतराव खळाटे यांनी. बाप वारल्यावर पोरक्या झालेल्या या कारकुनास हैबतरावांनी आपल्या पंगतीला बसवून घेतले होते, सरकारच्या कानी त्याचे नाव घातले होते, आणि पंत त्यांना एकांतात ‘काका’ म्हणत. आजही सभेत पंतांच्या उजवीकडची गादी काकांची होती.

या साऱ्या डोलाऱ्याचा आधार होता एकच साक्षीदार. पेठेच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी निळीचे रांजण चालवणारी विधवा, चिमाई रंगारीण. लुटीचे पांढरे कापड तिच्याकडे येई, आणि गठ्ठ्यांवरचे व्यापाऱ्यांचे छाप निळीत बुडून नाहीसे झाले की तेच कापड याच पेठेत पुन्हा विकले जाई. पाच वर्षे ती गप्प राहिली. मग मार्गशीर्षात एका गठ्ठ्यात एक उपरणे निघाले. त्याच्या पदरात रक्ताबरोबर माणसाचे केस चिकटलेले होते. ते तिला धुवायला सांगितले गेले, आणि तिने ते धुतले. त्यानंतर बारा दिवसांनी ती पंतांकडे आली.

“तोंड दाखवणार न्हाई, नाव सांगणार न्हाई,” ती म्हणाली होती. “घरात धाकटा भाऊ हाय, हिरोजी. माझ्यापायी तो जाऊ ने.”

पंतांनी तिला सरकारचा कौल दिला होता : तुझे नाव फुटणार नाही, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. त्यासाठी त्यांनी चावडीच्या ओट्यावर जाड पडदा लावविला, आणि धुके असतानाच तिला मागच्या दाराने आत आणून बसविले.

पडद्याची दोरी ताणून पाहत त्यांचा वृद्ध कारकून सदोबा हळूच म्हणाला, “पंत, एक विनंती आहे. बाईंचा बेलभंडार आत्ताच देवळात उचलवून घेऊ. मी साक्षी, गुरव साक्षी. सभेत नुसती जबानी होऊ द्या.”

“म्हणजे लोक काय म्हणतील? दिनकरपंताने पडद्याआड बाहुली बसवली आणि हवे ते वदवले. शपथ गोतासमक्षच व्हावयास हवी, सदोबा. लोकांनी पाहिले पाहिजे.”

“लोक पाहतील हो. तीच तर धास्ती वाटते.”

“तुमचे वय झाले, सदोबा.”

“ते मात्र खरे,” असे म्हणून सदोबा दौत भरावयास बसला.

पहिला प्रहर सरता सरता धुके विरले आणि सभा भरली. जिवाजी शेटे पांढऱ्याशुभ्र पागोट्यात आले, सर्वांना हात जोडीत अगदी पुढे बसले. हैबतराव गडावरून उतरले, तेव्हा सभा उठून उभी राहिली. पंतांनी सनद वाचून दाखविली आणि पुकारा केला, “सरकारच्या साक्षीदाराने बेलभंडार उचलावा.”

गुरव बेलाची पाने आणि हळदीचा भंडारा घेऊन पडद्यापाशी गेला. रीतीप्रमाणे दोन्ही तळवे पुढे पसरून, सर्वांना दिसेल असे ते घ्यावयाचे असते. पडदा किंचित हलला, आणि त्याच्या फटीतून दोन हात बाहेर आले.

ते कोपरापर्यंत निळे होते.

वीस वर्षांची नीळ नखांच्या मुळांत, बोटांच्या पेरांत, मनगटाच्या सुरकुत्यांत मुरलेली होती, आणि हिरव्या बेलपानांखाली, पिवळ्या भंडाऱ्याखाली ते हात असे दिसत होते की आंधळ्यावाचून कोणासही नाव विचारण्याची गरज पडू नये. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, “अगं बया, रंगारीण आज पडदानशीन झाली की.” हशा उठला, आणि लगेच विझला; कारण हसणाऱ्यांना त्याचा अर्थ उमगला.

जिवाजी शेटे तेवढे मंद हसत राहिले. “पंत,” ते अत्यंत आर्जवाने म्हणाले, “पडदा कशाला उगीच? बाई आमच्या घरच्यासारख्या आहेत. हिरोजीचे कसे काय, चिमाबाई? बरा आहे ना?”

स्मृती आणि न्यायाचे ग्रंथ ज्याने पाठ केले, त्याला रंगारणीचे हात निळे असतात एवढे सुचले नव्हते; आणि ज्याला सुचले होते त्याला त्याने वयाचा टोला हाणला होता. दिनकरपंत उठले. “साक्षीदाराची प्रकृती ठीक नाही. जबानी उद्यावर—”

“ठीक हाय प्रकृती,” पडद्यामागून आवाज आला.

आणि त्या निळ्या हातांनीच पडदा धरून खाली ओढला. दोरी तुटली. चिमाई ओट्यावर उभी राहिली. ठेंगणी, पन्नाशीची, पदर घट्ट आवळलेली.

“शेटे, हिरोजी बरा हाय. आता ऐका. बेल माझ्या हातात हाय, खोटं बोलले तर हात झडतील. पाच वर्षं तुमचं कापड मी बुडवलं. छाप कुणाकुणाचे होते ते मला पाठ हायत. लोकांना माझे हात दिसले ते बरंच झालं. चोरीचा माल लपवला तो ह्यांनीच.”

मग ती बोलत राहिली. कोणता तांडा, कोणाचे कापड, जिवाजींचा कोणता गडी गठ्ठे घेऊन आला, कोतवालाने ओढ्याकडची गस्त कोणत्या वारी बंद ठेवली. सभेतला एक म्हातारा तांडेवाला मुलाच्या उपरण्याची खूण ऐकून मान खाली घालून बसला, तो शेवटपर्यंत तसाच. सदोबाचा बोरू सरसर चालला होता. जिवाजींचे हास्य कधी गेले हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. पंतांचे भय ओसरले, आणि त्याच्या जागी एक चढते समाधान आले, की आजचा दिवस आपल्या आयुष्याचा दिवस आहे.

“बाई, तू मोठे काम केलेस,” ते म्हणाले. “जबानी पुरी झाली.”

“पुरी कुठं झाली?” चिमाई म्हणाली. “घाटातली चौकी सरकारची हाय. तांडा यायच्या दिवशी ती दर वेळी उठायची. कुणाच्या हुकमानं उठायची, ते न्हाई का विचारत, पंत?”

पंतांनी तोंड उघडले. आणि त्याच क्षणी त्यांना जाणवले की उजवीकडच्या गादीवर कोणी हललेही नाही. सहा वर्षांत अकरा वेळा चौकी उठते आणि गडाच्या किल्लेदारास पत्ता नसतो, हे त्यांनी याआधी कधी मनाशी मांडून पाहिले नव्हते. पाहिले नव्हते, की पाहावयाचे टाळले होते? पंतांनी तोंड मिटले.

चिमाईने त्यांच्याकडे पाहून थोडी वाट पाहिली. मग ती स्वतःच म्हणाली, “हैबतराव किल्लेदार. माझ्या अंगणात उभं राहून शेट्यांना सांगताना मी ह्या कानांनी ऐकलंय. दोनदा.”

हैबतरावांनी केवळ पंतांकडे पाहिले. त्या नजरेत धमकी नव्हती. पंगतीत उशिरा आलेल्या मुलाकडे पाहावे तशी ती नजर होती. सदोबाने बोरू दौतीत बुडविला आणि कागदावर टेकला नाही. तोही पंतांकडेच पाहत होता.

“सदोबा,” दिनकरपंत म्हणाले, आणि त्यांना आपला आवाज दुसऱ्या कोणाचा असावा तसा ऐकू आला, “न्यायाची रीत आहे. जे विचारले नाही, त्याचे उत्तर महजरात येत नाही. पुढचे लिहू नका.”

“पण पंत, ऐकले तर सर्वांनी.”

“लिहू नका.”

महजर, म्हणजे सभेसमक्ष झालेल्या निवाड्याचा कागद, वाचला गेला. मग एकेक जण उठून त्यावर आपली निशाणी करू लागला. कुणब्यांनी नांगर काढला, वाण्यांनी तागडी, सुतारांनी वाकस. अडीचशे माणसांनी ते नाव ऐकले होते, आणि अडीचशांतील एकानेही, ‘यात एक नाव राहिले’, असे म्हटले नाही. म्हातारा तांडेवालासुद्धा अंगठा उमटवून गेला. शेवटी कागद चिमाईपुढे आला.

“माझं बोलणं अर्धंच घेतलंत,” ती म्हणाली. “निशाणी कशाची करू?”

ती ओट्यावरून उतरली. सभेने तिला वाट दिली, पण तिच्याकडे कोणी पाहिले नाही. पाहवले नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल.

“सभा उत्तम चालवलीत, दिनकरपंत,” पालखीत बसताना हैबतराव म्हणाले. “रीत सोडली नाहीत. सरकारास तसे लिहितो.”

आठवड्याच्या आत जिवाजी शेटे बेड्या घालून राजधानीस रवाना झाले. कोतवाल बडतर्फ झाला. दिनकरपंतांचे नाव घरोघर पोचले. चिमाईच्या दारी कौलाप्रमाणे चार शिपायांचा पहारा बसला होता; दहाव्या दिवशी गडावरून निरोप आला आणि तो उठला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओढ्यावरून कापड पिळून परतली, तेव्हा एक सोडून सारे रांजण फोडलेले होते, आणि त्या न फुटलेल्या रांजणात हिरोजी होता. ही बातमी पंतांना कळली तेव्हा ते राजधानीत, दरबारात मानाची वस्त्रे स्वीकारावयास निघाले होते. ते बराच वेळ उंबऱ्यात उभे राहिले. मग त्यांनी अंगरखा घातला आणि ते दरबारात गेले.

पुढे त्यांनी आणखी पाच पेठांत चौकश्या केल्या. त्या प्रामाणिक होत्या, लोकांच्या उपयोगी पडल्या, आणि हे नाकारणे अन्यायाचे होईल. अकरा वर्षांनी ते राज्याचे कारभारी झाले. हैबतराव त्याच्या दोन वर्षे आधी अंथरुणावर, मानाने वारले होते.

कारभाराच्या पहिल्याच वर्षी सीमेवरच्या नदीच्या एका उतारावर नाव येण्याची वाट पाहत असता, नावाड्याच्या खोपटापुढे धान्य पाखडणारी एक म्हातारी त्यांना दिसली. ओळख पटावयास क्षणही लागला नाही. तिनेही ओळखले. आत जाऊन तिने तांब्या आणला.

“पाणी घ्या, पंत. ऊन फार हाय.”

पंत पाणी प्याले. मग त्यांनी चाकरांना दूर पाठविले, आणि जे अकरा वर्षे मनात घोळवले होते ते एका दमात सांगितले. “चिमाबाई, तुम्हास या गावी दहा बिघे इनाम देतो. वंशपरंपरा. सनद आत्ता लिहितो, माझ्या हाताने.”

‘तुम्हास’ हा शब्द ऐकून तिने मान वर केली, इतकेच.

“लिहा की.”

त्यांनी गुडघ्यावर कागद घेतला. सरकारचे नाव, तिथी, गावाचे नाव, शिवेच्या चतुःसीमा त्यांनी भरभर लिहिल्या. चिमाई सूप बाजूला ठेवून पाहत होती.

“कशाबद्दल इनाम, ते पण लिहावं लागतं ना सनदेत?”

“हो. लागते.”

“मग?”

आता भय कोणाचेच उरले नव्हते. हैबतरावांना मूलबाळ नव्हते. त्यांचे नाव घेतल्याने कोणाचा केस वाकडा होणार नव्हता. पण त्या एका ओळीत भिवाई पेठेची सभा आली असती, सभेतले ते ‘लिहू नका’ आले असते, आणि ज्या महजरावर दिनकरपंत सोवनी या नावाची सारी इमारत उभी होती तो उघडा पडला असता. पंतांनी बोरू बुडविला. तो कागदावर आणला. शाई टोकावर वाळली. त्यांनी तो पुन्हा बुडविला.

“‘चाकरी केली सबब’ असे लिहू का?” त्यांनी विचारले.

“कुणाची चाकरी, पंत?”

नदीतून हाक आली. नाव काठाला लागली होती, आणि नावाडी दोर धरून उभा होता. चिमाईने पुन्हा सूप उचलले. तिच्या आवाजात राग नव्हता, उपहासही नव्हता. वाटसरूला सांगावे तसे ती म्हणाली,

“उठा. वारं फिरलं की पलीकडं जाता यायचं न्हाई.”

दिनकरपंतांनी कागदाची घडी घातली आणि ते नावेकडे चालू लागले.