दोघांच्या घामाचा वास

दार लोटून घ्या आणि बसा. उद्यापासून तुम्ही दोघं रात्रीचं जेवण आवरून मैदानावर जाणार, असं तुझी आई सांगत होती. जा की. चांगलीच गोष्ट आहे. एकट्याच्यानं व्यायाम होत नाही, दोन दिवसांत उत्साह मावळतो. जोडीदार लागतोच. फक्त एक गोष्ट ऐका आणि मग जा. ही माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे. त्याच्या तोंडून मी ती दोनदा ऐकली, आणि दोन्ही वेळा तो मध्येच उठून हात धुऊन आला.

साडूची लाँड्री आहे. हॉटेलांचे टेबलक्लॉथ, गॅरेजवाल्यांच्या तेलकट डांगऱ्या, दवाखान्याच्या चादरी, सगळं त्याच्याकडे. लोकांच्या अंगाची घाण आयुष्यभर हाताळलेला माणूस. कुठल्या चादरीवर काय लागलं होतं हे तो जेवता जेवता सांगायचा, आणि तुझी काकू ताटावरून उठायची. किळस म्हणून काही असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तर एका संध्याकाळी तो इस्त्रीचे कपडे पोचवायला एका मित्राकडे निघाला. हा मित्र शाळेची व्हॅन चालवायचा. दिवसभर बसून बसून पोट सुटलेलं. तिसऱ्या मजल्यावर घर. साडू दुसऱ्याच मजल्यावर गठ्ठा मांडीवर घेऊन पायरीवर टेकला. छातीचा भाता नुसता. तेवढ्यात वरून ड्रायव्हर आला, कठडा धरून, उतरतानासुद्धा धापा टाकत. दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटले. ड्रायव्हर म्हणाला, आपल्या दोघांना वितळवून एक धडधाकट माणूस करून घ्यायला हवा.

तिथेच ठरलं. दुकान बंद झालं की मैदानावर जायचं. जो येणार नाही त्याला दुसऱ्यानं घरातून ओढून काढायचं, बायकोसमोर.

मैदान साधंच. कडेनं धावायची वाट, एका अंगाला बसायच्या पायऱ्या, आणि पार टोकाला, जिथे दिव्याचा उजेड जेमतेम पोचतो, तिथे सिमेंटचा एक ओटा. पहिले काही दिवस दोघं धावले कसले, फरपटले. पण एक जण थांबला की दुसरा मागून म्हणायचा, “अजून एक. एकच.” आणि तेवढ्या बोलावर पाय उचलायचे.

ओट्यावर आणखी एक जण असायचा. जाडजूड, अंगात बनियन, एकटाच जोर मारत. यांच्या आधी आलेला असायचा आणि हे निघाले तरी चालूच. चेहरा काही दिसायचा नाही. साडूनं एकदा लांबून हात केला, त्यानं ढुंकून पाहिलं नाही. ड्रायव्हरला मात्र ईर्षा चढली. एवढा जाड माणूस एवढे जोर काढतो म्हणजे काय? दुसऱ्या दिवसापासून तो धावणं सोडून ओट्यावर जायला लागला. त्या माणसाच्या समोर. त्याच्या बरोबरीनं.

आणि ड्रायव्हर उतरायला लागला. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. गालफडं बसली. त्याच्या बायकोनं साडूला बोलावून चहा पाजला, भावोजी, तुमच्यामुळे माणूस मार्गाला लागला म्हणाली. साडूचं वजन तर जागचं हललं नव्हतं. त्याला जरा वाईटही वाटलं. जळफळाटच म्हणा.

मग एक दिवस ड्रायव्हरचा बनियन धुवायला आला.

साडूनं तो गठ्ठ्यातून उचलला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. तुम्हाला ठाऊक नसेल, पण घामाला माणसागणिक वास असतो. कपड्यावरचं नाव पुसलं गेलं तरी लाँड्रीवाला वासावरून गिऱ्हाईक ओळखतो. त्या बनियनला दोघांचा वास होता. एक ड्रायव्हरचा, ओळखीचा. दुसरा... साचलेल्या गटारात केसांचे अंबाडेच्या अंबाडे कुजावेत, तसा. बनियनच्या पुढच्या बाजूला तो नव्हताच. सगळा पाठीला. आणि मानेपाशी बुळबुळीत काहीतरी वाळून पापुद्रा धरलेला.

तीस वर्षांत पहिल्यांदा साडूनं चिमट्यानं कपडा उचलला.

त्यानं ड्रायव्हरला विचारलं, तुझा बनियन दुसऱ्या कुणी घातला होता का? ड्रायव्हर म्हणाला, नाही रे. त्याला आता बोलायलाही वेळ नसायचा. ओठ फुटलेले. सारखं पाणी प्यायचा, आणि तरी जीभ टाळ्याला चिकटलेली.

मार्चमधला शेवटचा मंगळवार होता तो. वारा पडलेला. साडू दुकान आवरून थोडा उशिराच पोचला. पायऱ्यांवरचे लोक उठून गेले होते. वाटेवर कुणी नाही. लांब ओट्यावरून तेवढा धापांचा आवाज येत होता. त्याला वाटलं, दोघं आहेत नेहमीसारखे.

पाण्याची बाटली घेऊन तो तिकडे गेला.

जवळ गेल्यावर दिसलं की ओट्यावर एकच जण जोर मारतोय. ड्रायव्हर. दोन्ही कोपरं लटपटत होती. मग दुसरा कुठे गेला?

दुसरा त्याच्या पाठीवर होता.

पालथा. अंगभर पसरलेला. ड्रायव्हर खाली गेला की तोही खाली. वर आला की तोही वर. मोबाइलचा उजेड साडूनं पुढे धरला... आणि दिसलं. दिवसभर पाण्यात हात घातल्यावर बोटं कशी पांढरी, सुरकुतलेली होतात? तसं सगळं अंग. तशी मान. तसा चेहरा.

तो चाटत होता.

ड्रायव्हरची मान. कानामागून खांद्यापर्यंत. सावकाश. एक थेंब सांडू न देता. तोंड उचललं की चिकट तार ताणली जायची. तुटायची. पुन्हा तोंड खाली.

आणि ड्रायव्हर हसत होता. डोळे मिटून.

साडूनं हाक मारली. तो पुढे झाला. त्या माणसाचा दंड धरला, मागे ओढायला.

बोटं आत गेली.

भिजवून ठेवलेल्या गोधडीत जातात तशी. आतून कोमट पाणी आलं. मनगटावरून... कोपरापर्यंत. खारट वास. कुजका वास. साडू तिथेच भडाभडा ओकला.

पण त्यानं काढता पाय घेतला नाही, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. घाणीत हात घालायची सवय त्या दिवशी कामी आली असेल. त्यानं ड्रायव्हरचे दोन्ही पाय धरले आणि त्याला ओट्यावरून सरळ ओढला. फाटणाऱ्या ओल्या कापडासारखा आवाज झाला. त्यानं ड्रायव्हरला खांद्यावर टाकलं. काही वजनच नव्हतं. वाळलेल्या चादरीचा गठ्ठा.

तो पळाला.

दुसऱ्या मजल्यावर बसकण मारणारा माणूस ते अख्खं मैदान पळाला.

मागून पावलं. ओली. चप्... चप्... चप्...

त्यानं मागे पाहिलं नाही.

मग अगदी कानाशी, कोमट श्वास. आणि हळू, मित्रासारखा आवाज.

“अजून एक... एकच...”

...

फाटकाबाहेर रस्त्याच्या उजेडात तो कोसळला. रखवालदार धावत आला. तो माणूस कोण, असं साडूनं त्याला विचारलं. रखवालदार म्हणाला, मला तर तुम्ही दोघंच दिसता रोज. पण ओटा मात्र कधी सुकत नाही, का ते माहीत नाही.

ड्रायव्हर आठवडाभर सलाइनवर होता. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच उरलं नव्हतं, भर उन्हात चार दिवस पाण्यावाचून चालल्यासारखं. तो वाचला. पुन्हा अंगानं भरला. काय झालं हे त्याला आठवत नाही. एवढंच म्हणतो, छान वाटत होतं, कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय असं वाटत होतं. आता दोघं सकाळी उजाडल्यावर बाजाराच्या रस्त्यानं चालतात. गर्दीतून. साडूही बराच उतरलाय.

मैदानाकडे ते पुन्हा कधी फिरकले नाहीत. त्या ओट्याबद्दल लोक काही ना काही सांगतात. मी ते तुम्हाला सांगणार नाही, कारण कुणालाच खरं ठाऊक नाही.

एवढंच आहे की ड्रायव्हरच्या व्हॅनमध्ये त्याच्या शेजारची सीट रोज सकाळी ओली असते. रात्रभर कुलूप, काचा बंद, टप कुठे गळत नाही, सगळं तपासून झालं. सीट बदलली. नवीही ओली. मुलं पुढे बसत नाहीत, वास येतो म्हणतात. तो त्यावर टॉवेल अंथरतो, आणि भिजलेला टॉवेल संध्याकाळी साडूच्या दुकानात टाकतो.

साडू तो धूत नाही. मागच्या अंगणात नेऊन, रॉकेल ओतून जाळायला बघतो.

पेटत नाही.