चौथ्या खाटेवरची उशी

परीक्षेच्या पेपरांचं फोडलेलं पाकीट चौथ्या खाटेवरच्या उशीत सापडलं, आणि नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांची बावीस वर्षांची अब्रू एका सकाळीत पणाला लागली.

"अध्यक्षांना निनावी चिठ्ठी आली होती, चौथ्या खाटेची उशी बघा म्हणून," प्राचार्या सांगत होत्या. "सरावाच्या खोलीत शिकवते मी, म्हणून चोरही मीच. तीन वाजता मंडळ मला काढणार."

ऐकत होत्या वहिनी. खासगी शोधाचं काम करणाऱ्या या बाईंना सगळेच वहिनी म्हणत. खरा हक्क एकट्या दिराचा, म्हणजे शेजारी बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तर भाऊजींचा.

"किल्ल्या कोणाकडे असतात?"

"माझ्याकडे, उपप्राचार्यांकडे आणि व्यवस्थापकांकडे. काल पाचला सहाही खाटा नीट तपासून मीच कुलूप लावलं."

सरावाच्या खोलीत भाऊजी दारातच थांबले. खाटांवर रबरी रुग्ण झोपलेले बघून त्यांना कसंसंच झालं. चौथ्या खाटेला हात लावायचा नाही, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. त्यांनी पाकीट तेवढं ओढून काढलं होतं. उशीचा अभ्रा भाऊजींना दारातून पार आतपर्यंत दिसत होता.

पलीकडे उपप्राचार्या एका मुलीला झापत होत्या. "उशीचं उघडं तोंड दाराकडे? पहिल्या आठवड्यात शिकवलंय ना? फिरव!"

"उशीलाही तोंड लपवावं लागतं का इथे?" भाऊजी पुटपुटले.

वहिनींनी उपप्राचार्यांना सरळच विचारलं, "प्राचार्यांची खुर्ची तुम्हाला हवी आहे?"

"हवी आहे. खोटं कशाला बोलू? पण अशी नको."

व्यवस्थापक आपल्या कार्यालयात ऐसपैस बसले होते. "कॉलेज चालवायला नर्स कशाला लागते हो? कारभार कळणारा माणूस लागतो. मंडळालाही मी तेच सांगतोय. बाकी त्या खाटा-चादरीतलं मला ओ की ठो कळत नाही."

बाहेर येताच भाऊजी म्हणाले, "वहिनी, उपप्राचार्याच! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की."

"भाऊजी, तुम्ही पत्रं वाटलीत तेच बरं केलंत."

तीन वाजता वहिनींनी मंडळाला सरावाच्या खोलीतच बोलावलं. दोन खाटांवरच्या उशा काढून त्यांनी एक उपप्राचार्यांच्या हातात दिली, दुसरी व्यवस्थापकांच्या. "जरा जागेवर ठेवता?"

उपप्राचार्यांनी न बघताच ठेवली, उघडं तोंड भिंतीकडे. व्यवस्थापकांनी ठेवली ती दाराकडे तोंड करून, अगदी चौथ्या खाटेवरच्या उशीसारखी.

"काल पाचला सगळ्या उशा बरोबर होत्या," वहिनी म्हणाल्या. "त्यानंतर चौथी कुणीतरी उचलली आणि उलटी ठेवली. प्राचार्यांचा हात तसं करणारच नाही. उपप्राचार्यांचाही नाही. आणि प्राचार्यांना अडकवायला निघालेली नर्स तर उशी मुद्दाम बरोबर ठेवेल, त्यांचंच काम वाटावं म्हणून. राहिली तिसरी किल्ली. नर्स नको, कारभारी हवा, असं म्हणणाऱ्याची."

व्यवस्थापक उसळले. "काहीतरीच काय! एवढ्या घाईत उशीचं तोंड कोण बघतं?"

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो, ते त्यांना सगळ्यात शेवटी कळलं. अध्यक्षांनी प्राचार्यांना काढण्याचा ठराव फाडला आणि व्यवस्थापकांपुढे किल्लीसाठी हात पसरला.

भाऊजींनी डोक्याला हात लावला. "अहो, मी दारात उभा राहून ती उशीच बघत होतो की!"

प्राचार्या चौथ्या खाटेपाशी गेल्या. उशी त्यांनी नीट फिरवून ठेवली.

"घाईतच बघायचं असतं," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या. "बावीस वर्षं मी तेवढंच शिकवतेय."