आत कोण?

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मला काही फरक पडत नाही. हे माझ्याच बाबतीत घडलंय आणि ती वस्तू आत्ताही माझ्या अंगणात उभी आहे.

रात्र नव्हती. तलावाकाठची लख्ख सकाळ होती. भुतं अंधारातच येतात असं सांगणारा मला एकदा भेटायला हवा.

माझी लाँड्री आहे. जन्मभर लोकांच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, म्हणून नवऱ्याने जुनी, घडीची कॅराव्हॅन आणली तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आता सुट्टीतही घड्याच घालायच्या का?

पण वस्तू झकास होती. गाडीच्या मागे जोडायची. मिटलेली असली की मोठ्या पेटीएवढी. हँडल फिरवलं की छप्पर वर जातं, भिंती उभ्या राहतात, आत दोन बाकं आणि छोटासा ओटा.

आमची लेक हरखून गेली. पहिलीत आहे. दिसेल त्या फटीत शिरून बसते, म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो.

आणि मला धास्ती तीच होती. छप्पर खाली येतं तशा भिंती आत दुमडतात. आत पोर राहिलं तर...

म्हणून आम्ही एक रीत पाडली. नवरा हँडलपाशी, मी दाराशी. मी मोठ्याने विचारायचं, "आत कोण?" खारूने बाहेरून सांगायचं, "कोणी नाही." मगच हँडल फिरवायचं.

त्या सकाळी तलावाकाठून निघताना मी विचारलं.

"कोणी नाही."

खारूचाच आवाज. माझ्या पाठीमागून, अगदी जवळून.

हँडल फिरायला लागलं. छप्पर अर्ध्यावर आलं. मी सहज मागे वळले...

मागे कोणीच नव्हतं.

नुसतं गवत.

मी नवऱ्याला थांबवलं आणि वाकून आत शिरले. खारू बाकाखाली गाढ झोपली होती.

मी तिला ओढून बाहेर काढलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज त्यानेही ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी म्हणतो कसा, वारा असेल. वारा काय आमच्या पोरीच्या आवाजात बोलतो? मी म्हटलं, विकून टाक ती ब्याद. पण खारूने रडून घर डोक्यावर घेतलं, नवरा तिच्या बाजूने झाला आणि मी नमले.

मात्र रीत बदलली. आता विचारायचं नाही. आवाजाचा भरवसा नाही. खारूचा हात माझ्या हातात असला, तरच छप्पर खाली.

पुढच्या सुट्टीत पुन्हा गेलो. सगळं छान झालं. निघताना मी खारूचा हात घट्ट धरला. छप्पर खाली आलं. भिंती दुमडल्या. कड्या लागल्या. नवरा गाडी सुरू करायला पुढे गेला.

आणि आतून आवाज आला...

"आई, थांब ना. मी आत आहे."

मी दचकून खाली पाहिलं. खारू माझा हात धरून उभी होती.

"आत कोणी नाही," ती म्हणाली.

मी काहीच विचारलं नव्हतं.

आतून पुन्हा हाक आली. या वेळी रडवेली. इंजिनाच्या आवाजात ती बुडून गेली. माझं काळीज फाटत होतं, पण मी स्वतःलाच बजावलं, आवाज फसवतो. हात खोटा कसा असेल? मी खारूला गाडीत बसवलं आणि नवऱ्याला म्हटलं, चल.

त्याने काही ऐकलं नव्हतं. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

घरी सगळं ठीक आहे. ती जेवते, शाळेत जाते, माझ्या कुशीत झोपते. माझ्या डोळ्याला मात्र डोळा लागत नाही. कॅराव्हॅन तेव्हापासून मिटलेलीच आहे. मी रोज तिच्यापाशी जाते. कडीवर हात ठेवते आणि काढून घेते.

आत कोणी नसेल, तर ही पोर माझी आहे.

आणि असेल, तर... आता फार उशीर झालाय.

बघा, आत्ताही ती घरातून "आई, आई" करतेय.

मी ओ देते.